रान राखलं कुणी? फॉन्तेनब्लोच्या रोजनिशीतील पाने

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पॅरिसच्या गार द लियों स्थानकातून निघालेली लोकल पाऊण तासाच्या आत इथे आणून सोडते. फॉन्तेनब्लो आणि आव्हाँ या दोन जुळ्या गावांचं मिळून एकच स्टेशन. गाडी पोहोचायच्या आधी काही मिनिटं खिडकीबाहेर नुसती झाडी होती: ओक, बीच, मध्येच पाइनची सरळसोट खोडं. गावाच्या चहूबाजूंनी हेच रान आहे. सतरा हजार हेक्टरांच्या आसपास, सरकारी मालकीचं. बाराव्या शतकापासून फ्रान्सचे राजे शिकारीसाठी इथे येत आणि शिकारीसाठीच त्यांनी इथे घर बांधलं. त्या घराचा पुढे दीड हजारांहून अधिक खोल्यांचा राजवाडा झाला. म्हणजे आधी रान, मग राजा, मग गाव.

भाची इथल्या व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थेत शिकते. तिच्या वर्गात आपली मुलं पुष्कळ आहेत, पण बहुतेकांचं आयुष्य लायब्ररी आणि मुलाखती यांतच जातं. ही मात्र शनिवार-रविवार रानात असते. मला म्हणाली, “मावशी, वाडा बघायला लोक एका दिवसासाठी येतात. तू राहणार आहेस ना, मग रान बघ.”

५ ऑक्टोबर

१९४८ साली आजच्याच तारखेला, याच गावात, निसर्गाच्या रक्षणासाठी पहिली जागतिक संस्था स्थापन झाली. युनेस्को आणि फ्रेंच सरकारच्या पुढाकाराने परिषद भरली होती. ज्युलियन हक्सली तेव्हा युनेस्कोचे महासंचालक होते. अठरा देशांच्या सरकारांनी आणि शंभराहून अधिक संस्थांनी घटनेवर सह्या केल्या. आज आययूसीएन म्हणून आपण जिला ओळखतो ती ही संस्था. महायुद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झाली होती, युरोपात शहरंच्या शहरं अजून ढिगाऱ्यात होती, आणि अशा वेळी माणसं पक्षी-प्राणी-झाडांचा विचार करायला एकत्र बसली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

धोक्यातल्या जीवांची लाल यादी याच संस्थेची, १९६४ पासूनची. आपला माळढोक त्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर, उन्हं कलताना, गवतातून मान वर काढून दमदार पावलं टाकत चाललेला माळढोक मी पाहिलेला आहे. आता तिथे तो दिसणं हीच बातमी होते. यादीत नाव घातल्याने पक्षी वाचत नाही हे खरंच, पण नाव घालणारं कुणी नसतं तर तो गेला हेही कुणी नोंदवलं नसतं.

६ ऑक्टोबर, रविवार

सबंध दिवस राजवाड्यात.

फ्रान्स्वा पहिला या राजाने १५२८ मध्ये जुना किल्ला पाडून नवं बांधकाम काढलं. जुन्याचा एक बुरूज तेवढा ठेवला. त्याच्यानंतर आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने इथे काहीतरी जोडलं: दुसऱ्या आंरीने नाचघर, चौथ्या आंरीने बाराशे मीटर लांबीचा कालवा, तेराव्या लुईने घोड्याच्या नालेच्या आकाराचा दुहेरी जिना, नेपोलियनने सिंहासनाचं दालन. मागच्या माणसाचं पुसून टाकण्यापेक्षा शेजारी आपलं उभं करायचं, अशी इथली रीत दिसते. त्यामुळे वाडा एका नजरेत मावत नाही. व्हर्सायसारखा तो समोर उभा राहून दरारा दाखवत नाही. अंगणामागून अंगण, वळणामागे वळण, आणि कुठल्या शतकात आहोत हे छताकडे बघून ठरवायचं.

मला धरून ठेवलं ते फ्रान्स्वाच्या सज्जाने. साठेक मीटर लांब, जेमतेम सहा मीटर रुंद. राजाच्या महालातून प्रार्थनामंदिराकडे जायची ही वाट. तिच्या सजावटीसाठी राजाने इटलीहून रोस्सो फियोरेन्तिनोला बोलावलं, पाठोपाठ प्रिमातिच्चो आला. खाली अक्रोडाच्या लाकडाचं कोरीव काम, वर भित्तिचित्रं आणि त्यांच्याभोवती चुन्याच्या गिलाव्यातून उठवलेल्या पूर्णाकृती: फळांच्या माळा, पोरं, देव, कातड्याच्या सुरळ्यांसारख्या चौकटी. चित्रापेक्षा चौकटच जास्त बोलते. उत्तर युरोपातल्या कारागिरांनी हे पाहिलं, त्याची छापचित्रं पसरली आणि या शैलीला गावाचंच नाव मिळालं.

भित्तिचित्रांत एक हत्ती आहे. अंगावर फ्रान्सच्या राजचिन्हाची लिली-फुलं आणि कपाळावर आगीत न जळणारा सॅलॅमँडर, म्हणजे फ्रान्स्वाचं बोधचिन्ह. हत्ती म्हणजे राजा स्वतः: बलवान, शहाणा, सगळं लक्षात ठेवणारा. हत्तीच्या पायांच्या ठेवणीत थोडा अंदाज दिसतो, पण डोळा मात्र खरा आहे. गजराजाला राजपदाची उपमा द्यायला इतक्या दूरच्या माणसालाही सुचावं, याचा मला आनंद झाला. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले.

नेपोलियनच्या दालनांत मन तितकं रमलं नाही. एक लहान गोल मेज आहे, १८१४ च्या एप्रिलात त्याने गादी सोडली ती इथे. २० एप्रिलला तो त्या नालेच्या जिन्याने खाली उतरला आणि आपल्या जुन्या शिलेदारांचा निरोप घेऊन एल्बाच्या वाटेला लागला. ते मोठं अंगण आजही निरोपाचं अंगण म्हणूनच ओळखलं जातं. याच वाड्यात त्याने सातव्या पायस पोपना १८१२ पासून दीड वर्ष कैदेत ठेवलं होतं, हे मात्र जिन्यावर फोटो काढणाऱ्यांच्या गावीही नसतं.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवायला हवी. नेपोलियन तिसऱ्याची राणी युजेनी हिचं चिनी संग्रहालय या वाड्यात आहे. त्यातल्या पुष्कळशा वस्तू १८६० मध्ये बीजिंगचा उन्हाळी महाल लुटला गेला तेव्हाच्या आहेत. काही सयामच्या राजदूतांनी १८६१ च्या जूनमध्ये इथे येऊन दिलेल्या भेटी. नजराणा आणि लूट एकाच छताखाली मांडली, की बघणाऱ्याला दोन्ही सारखंच सुंदर दिसतं. मला ते बरोबर वाटत नाही. कुठली वस्तू कशी आली हे मोठ्या अक्षरांत सांगायलाच हवं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

मंगळवारी राजवाडा बंद. सकाळीच रानात शिरले ती निळ्या खुणा धरून. झाडाच्या सालीवर, दगडावर बोटभर लांबीची निळी रेघ. वाट फुटते तिथे नेमकी दिसते. या रेघा ज्याने सुरू केल्या त्याच्याविषयी भाचीने दिलेल्या पुस्तकात वाचलं आणि दिवसभर त्याच्याच संगतीने चालल्यासारखं वाटलं.

क्लोद-फ्रान्स्वा देनकूर. जन्म १७८८, गरीब घरातला. नेपोलियनच्या सैन्यात शिपाई, लढाईत जखमी. १८३२ मध्ये फॉन्तेनब्लोच्या बराकीत रखवालदार म्हणून आला आणि राजकीय मतं पसंत न पडल्याने त्याला काढून टाकलं. सम्राट गेला, राजा आला, तोही गेला, दुसरा आला, आणि या सगळ्यांत हा माणूस चाळिशी उलटून बेकार. तो रानात फिरू लागला. वाटा माहीत नसलेल्या लोकांसाठी त्याने मार्गदर्शिका लिहिल्या, त्या विकल्या, आणि त्या पैशातून १८४२ पासून पायवाटा काढल्या. सोबतीला थोडे मजूर. खडकांमधून पायऱ्या, कपारींतून भुयारं, उंचवट्यांवर बसायला जागा. आयुष्यभरात त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास वाटा केल्या. जमीन त्याची नव्हती, अधिकार कसलाच नव्हता. सुरुवातीला तर त्याने वनखात्याच्या नजरेआडच काम चालवलं.

चालताना त्याची युक्ती कळते. वाट कुठेही घाईने वर चढत नाही. आधी ती तुम्हाला दोन प्रचंड शिळांच्या बेचक्यातून अंधारात नेते, मग एकदम उघड्या माथ्यावर आणून सोडते. पुढे दरी, तिच्यात हीदरची तपकिरी झुडपं, पलीकडे पुन्हा शिळा. कुणीतरी आधी स्वतः शंभर वेळा फिरून, पाहुण्याने कुठे थांबावं हे ठरवलेलं आहे. जागोजागच्या दगडांना आणि झाडांना त्याने नावं दिली. काही दंतकथाही रचल्या. त्याच्यावर टीकाही झाली. काही चित्रकारांना या निळ्या खुणा खटकत, कारण त्यांना एकांत हवा होता आणि हा माणूस तर पॅरिसची गर्दी आणत होता. १८४९ मध्ये रेल्वे आल्यावर रविवारी गाड्या भरभरून माणसं येऊ लागली. शिवणकाम करणाऱ्या मुली, कारकून, छापखान्यातले कामगार. आठवडाभर धुरात राहिलेल्या माणसांना एक दिवस झाडाखाली बसता आलं यात काय बिघडलं? चित्रकारांविषयी मला कितीही आदर असला तरी या भांडणात मी देनकूरच्या बाजूची आहे.

१८५५ मध्ये त्याच्या गौरवार्थ एक पुस्तक निघालं. ह्युगो, लामार्तिन, जॉर्ज सँड, नेर्वाल, गोतिए, बोदलेर: एका काढून टाकलेल्या रखवालदारासाठी त्या काळचं सगळं साहित्य एकत्र आलं. बोदलेरला झाडाझुडपांची भक्ती मुळीच मानवत नव्हती, तरी त्यानेही लिहून दिलं, आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या गद्यकविता त्याच पुस्तकात छापल्या गेल्या.

संध्याकाळी देनकूरच्या मनोऱ्यावर चढले. १८५१ मध्ये त्यानेच बांधून घेतला. वरून सगळीकडे झाडांचे माथे. आता त्याच्या वाटा ‘आमि द ला फोरे’ ही रानप्रेमींची संस्था सांभाळते. तीही जुनी, १९०७ ची. निळा रंग फिकट झाला की सभासद डबा-ब्रश घेऊन जातात.

९ ऑक्टोबर

बार्बिझाँ. रानाच्या कडेला एकच लांब रस्ता असलेलं खेडं. आता दोन्ही बाजूंना चित्रांची दुकानं आणि महाग खानावळी. गान नावाची जुनी खानावळ संग्रहालय झाली आहे. तिथे मुक्काम करणाऱ्या चित्रकारांनी भिंती आणि कपाटांची दारं रंगवून ठेवलेली आहेत. पावसाने बाहेर जाता आलं नाही की हात स्वस्थ बसत नसावेत.

इथे थेओदोर रूसो राहिला, आणि १८४९ पासून मिये. रूसोची चित्रं पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनात वर्षानुवर्षं नाकारली गेली. तो झाडाचं चित्र काढायचा ते माणसाचं काढावं तसं. वय, वाकलेपण, तुटलेली फांदी, सगळं त्या एकाच झाडाचं. सेन नदीतल्या क्रुआसी बेटावर वृक्षतोड पाहून काढलेल्या चित्राला त्याने नाव दिलं ते बायबलमधल्या कोवळ्या बाळांच्या कत्तलीचं. हा अतिरेक वाटेल. मला वाटत नाही. ज्याने ओकच्या एका खोडासमोर महिनोन्‌महिने बसून काढले, त्याला कुऱ्हाडीचा आवाज तसाच ऐकू येणार.

वनखातं तेव्हा म्हातारे ओक तोडत होतं आणि उघड्या, खडकाळ जागी पाइनची लागवड करत होतं. हिशेबाने पाहिलं तर चुकीचं नव्हतं. पाइन लवकर वाढतो, लाकूड देतो. चित्रकार मात्र खवळले. काही जण पाइनची रोपं उपटून टाकत. १८५२ मध्ये रूसोने नेपोलियन तिसऱ्यापर्यंत विनंती पोहोचवली, आणि १८५३ मध्ये ६२४ हेक्टर जंगल तोडीतून वगळलं गेलं. १३ ऑगस्ट १८६१ च्या हुकुमाने ते क्षेत्र १,०९७ हेक्टर झालं. सरकारी दप्तरात त्याचं नाव ‘कलात्मक विभाग’. अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ चं, म्हणजे त्याच्या अकरा वर्षं नंतरचं. लाकडासाठी नाही, शिकारीसाठी नाही, फक्त बघण्यासाठी रान राखायचं, असं एखाद्या सरकारने कागदावर मान्य केल्याचं यापेक्षा जुनं उदाहरण मला माहीत नाही.

१८६५ मध्ये तरुण मोने शेजारच्या शायीत येऊन राहिला होता. त्याचा पाय दुखावला, तेव्हा त्याच्या वैद्यकी शिकलेल्या चित्रकार मित्राने, बाझीलने, पायावर थेंब थेंब पाणी पडेल अशी बादली टांगली आणि तशाच अवस्थेत अंथरुणावरच्या मोनेचं चित्र काढलं. रूसो आणि मिये दोघंही त्याच शायीच्या दफनभूमीत आहेत.

१० ऑक्टोबर

रात्रभर पाऊस, सकाळीही. घरातच.

कालपासून एक गोष्ट मनातून जात नाही. चित्रकार जिंकले, पण हरलं कोण? या रानातला वालुकाश्म फोडून त्याच्या चिऱ्यांनी पॅरिसचे रस्ते बांधले गेले. शेकडो माणसं हातोडे घेऊन इथे राबत. दगडाची बारीक धूळ छातीत जाई. परवा वाटेवर जागोजाग तुकड्यांचे मोठाले ढीग दिसले, त्यांवर आता शेवाळ आणि नेचे वाढले आहेत. मला वाटलं दरड कोसळली असेल. ते खाणकामगारांनी टाकलेले निरुपयोगी तुकडे होते. राखीव विभागांनी आधी त्यांची जागा आवळत आणली, आणि १९०७ मध्ये सरकारी रानात दगड फोडण्यावर बंदीच आली. ती व्हायलाच हवी होती. तरी रूसो आणि मियेचे ब्राँझमधले चेहरे बार्बिझाँच्या खडकावर बसवले आहेत, देनकूरचा मनोरा आहे, आणि ज्यांच्या दगडावरून सगळं पॅरिस चाललं त्यांच्या नावाचा एकही फलक मला दिसला नाही. मियेने सरपणाच्या मोळ्या वाहणाऱ्या बायका रंगवल्या, म्हणून त्या तरी राहिल्या.

११ ऑक्टोबर

गावातला बाजार. मशरूमचे ढीग, पेअर, तोमेरीच्या बाजूची गोड पिवळी द्राक्षं. गावाच्या नावाचा एक पदार्थही घेतला. ताजं मऊ चीज आणि फेटलेली साय एकत्र करून जाळीदार कापडात ठेवतात. साखर घालून खाल्लं, श्रीखंडाला घेतलेल्या चक्क्याच्या अगदी जवळचं.

दुपारी आव्हाँच्या दफनभूमीत कॅथरिन मॅन्सफील्डच्या थडग्यापाशी गेले. क्षयाने खंगलेली ही कथाकार बाई १९२२ च्या शरद ऋतूत गुर्जीएफ या अध्यात्मगुरूच्या इथल्या आश्रमात येऊन राहिली आणि ९ जानेवारी १९२३ ला गेली. चौतिसाव्या वर्षी. तिच्या कथांवर आमची एक पिढी पोसली गेली. फुलं ठेवली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

भाचीबरोबर खडकांत. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याने पांढरी शुभ्र वाळू मागे ठेवली. तिच्यातला काही भाग पाण्यातल्या सिलिकेने बांधला जाऊन दगड झाला. खालची सुटी वाळू वाहून गेली तशी ही दगडाची लादी फुटून तुकडे उतारावर घसरले. हेच ते खडक. अजूनही रानाच्या मध्यावर कुठे कुठे किनाऱ्यासारखी पांढरी वाळू लागते. लूव्हरच्या काचेच्या पिरॅमिडसाठी हीच वाळू वापरली, इतकी ती निर्मळ.

जगभरातले चढणारे इथे येतात. दोर नाही, तीन-चार मीटरचा खडक, खाली जाड गादी. दगडांवर रंगीत आकडे असतात, पिवळा सोपा, पुढे नारिंगी, निळा, लाल आणि काळा-पांढरा अवघड. ही रंगांची पद्धत १९४७ मध्ये सुरू झाली. त्याआधी पिएर आलें नावाच्या माणसाने इथेच सराव करता करता गुळगुळीत रबरी तळाचा चढाईचा बूट बनवला. हा आलेंच १९३६ मध्ये काराकोरममध्ये फ्रेंच मोहिमेबरोबर गेला होता.

भाची सह्याद्रीतल्या बेसॉल्टवर शिकलेली. पहिले महिनाभर इथे तिला काहीच जमेना. “आपल्याकडे पकडायला कड मिळते गं मावशी. इथे नुसतं गोलगोल. बोटांवर भरवसा ठेवून चालतच नाही, पायावर ठेवावा लागतो.” आज मात्र तिने उत्तरेच्या बाजूच्या एका खडकाला हातच लावला नाही. पाऊस पडून गेला की दगड आतून ओला राहतो, ठिसूळ होतो, आणि पकड तुटली तर ती कायमची तुटते. शेजारी दूरच्या देशातून आलेली दोन मुलं चढायच्या तयारीत होती. सुट्टीचे दोनच दिवस हातात. तिने जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी दगडावर तळहात टेकवला, एकमेकांकडे पाहिलं आणि गाद्या गुंडाळून उन्हातल्या खडकांकडे गेली. मला ते फार आवडलं.

१३ ऑक्टोबर

ग्रो-फुतोच्या राखीव भागाकडे. चित्रकारांच्या लाडक्या जंगलांपैकी हे एक. आता इथे माणसाने काहीच करायचं नाही असा नियम. पडलेलं झाड पडूनच राहतं. जुने बीच कंबरेतून मोडलेले, खोडांवर बुरशीच्या थाळ्या, सालीखाली कुरतडलेल्या नक्ष्या. रूसोच्या चित्रातलं भव्य, उभं रान बघायला आलेल्या माणसाला हे उद्‌ध्वस्त वाटेल. पण या कुजक्या लाकडात जेवढे जीव राहतात तेवढे उभ्या झाडात राहत नाहीत. १८५३ मध्ये हे रान सुंदर दिसतं म्हणून राखलं. आज त्याची मोजदाद किड्यांनी, बुरश्यांनी आणि सुतारपक्ष्यांनी होते. राखण्याचं कारण बदललं, राखणं चालू राहिलं.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. बीचला गारवा आणि ओल लागते. गेल्या काही वर्षांच्या दुष्काळी उन्हाळ्यांत इथले बीच शेंड्याकडून वाळू लागले आहेत. भाचीचं म्हणणं, अशा वेळी हात बांधून बसायचं कशाला, दक्षिणेकडची उष्णता सोसणारी झाडं आणून लावावीत. परतीच्या वाटेवर आमचं यावरच चाललं होतं. मी म्हटलं, बाकीच्या रानात खुशाल लावा, पण एवढा तुकडा तरी सोडा. बीच गेले तर त्यांच्या जागी आपणहून काय उगवतं ते बघू. दीडशे वर्षांहून जास्त काळ झाडं न तोडलेली जमीन युरोपात थोडीच सापडते, आणि ती काय उत्तर देते ते ऐकायच्या आधीच आपण बोलायला का लागायचं? तिला हे पटलेलं नाही. ओक टिकेल यावर मात्र आमचं जमलं, कारण वाटेच्या दोन्ही बाजूंना या वर्षीची ओकची रोपं वीतभर उंच झालेली होती.